छातीएवढ्या उंचीवर

ब्यूडलीला घर बघायला गेलो, मार्चात.
कॅलमने किल्ली फिरवली, दार जरा अडलं,
खांदा लावल्यावर उघडलं.
"नदी थेट खिडकीत," तो म्हणाला,
जणू कालच त्यानं ती बसवून घेतलीय.

मुकुल खिडकीशी गेला.
मी भिंती बघत राहिले.

दगडी फरशी. गालिचा कुठेच नाही.
स्वयंपाकघरातली कपाटं उंच पायांवर.
आणि प्लगचे बोर्ड
छातीएवढ्या उंचीवर, खालच्या प्रत्येक खोलीत,
एका रेषेत, शिस्तीत,
हात वर करून उभ्या माणसांसारखे.
कॅलम बोलला नाही.
मीही विचारलं नाही. सांगलीच्या मुलीला
एवढं वाचता येतं.

क्रॉयडनच्या टेबलावर मुकुलने तक्ता केला होता.
वरच्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटने
त्या जुलैत आम्हाला पापडासारखं भाजलं, त्यानंतर.
उन्हाळ्यातलं तापमान, वर्षाचा पाऊस,
तीस वर्षांनी समुद्र कुठवर.
नॉरफोक खोडलं, तिथली कडा ढासळते म्हणून.
केंब्रिज खोडलं, पुढे पाणी पुरायचं नाही म्हणून.
सेव्हर्नच्या ओळीत त्यानं लिहिलं होतं:
पाणी – जवळ.
मी विचारलं, किती जवळ?
त्याला तो विनोद वाटला.

आमच्याकडे पावसाळ्यात कुणी
"कसे आहात" विचारत नाही.
"आयर्विनला किती?" विचारतात.
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका,
मधल्या पाच फुटांत
फ्रिज टेबलावर, टेबल पलंगावर,
दहावीची प्रमाणपत्रं पिशवीत, पिशवी बाबांच्या गळ्यात.
पाणी उतरल्यावर बाबांनी भिंतीवर
पेन्सिलीने रेघ मारली, खाली तारीख.
रंगारी आला तेव्हा म्हणाले, तेवढी सोड.

शेजारच्या दारात मिसेस प्रॉबर्ट,
ऐंशीच्या पुढच्या, पायात रबरी बूट, ऊन असून.
मी बोर्डांकडे बघितलेलं त्यांनी खिडकीतून बघितलं असणार.
"आत ये," म्हणाल्या.
चौकटीच्या लाकडावर मुलांच्या उंचीच्या खुणा.
ग्विन, वय सहा. ओवेन, वय चार.
आणि त्यांच्या मधोमध, निळ्या खडूने,
नुसता एक साल, नाव नाही.
"त्या वर्षी ती ओवेनपेक्षा उंच होती," त्या म्हणाल्या.
ती म्हणजे कोण, हे सांगावं लागलं नाही.

इथेच राहावं, असं एक क्षण वाटलं.
नदीला ओळखणाऱ्या माणसाच्या शेजारी.
मग ओवेनचं वय आठवलं,
आणि आमची मुक्ता पुढच्या महिन्यात चारची.

आम्ही टेकडीवरचं घर घेतलं.
हवा तीच, पाऊस तोच, नदी
झाडांच्या फटीतून चमच्याएवढी.
इथे बोर्ड घोट्याशी आहेत.
प्लग लावायला वाकते तेव्हा
गुडघा कुरकुरतो, मी नाही.

नोव्हेंबरात खाली लोखंडी पत्रे उभे राहिले.
मिसेस प्रॉबर्ट आमच्याकडे आल्या,
मांजर, औषधांचा डबा
आणि फ्रीझरमधले सगळे वाटाणे घेऊन.
मुकुलने तक्ता काढला, पाण्याच्या रकान्यात
"जवळ" पुसून "खाली" लिहिलं.
मांजर त्याच्या कागदावरच बसलं.

रात्री बाबांचा फोन.
"तुमच्याकडे किती?"
पाच मीटर, मी म्हणाले.
पलीकडे ड्रॉवर उघडल्याचा आवाज, पेन्सिल,
पुटपुटत केलेला गुणाकार.
"सोळा फूट? अगं, सोळाला तर
आमची पात्रात झोपलेली असते."

मी हसले. मिसेस प्रॉबर्टना ते सांगितलं नाही.
त्या पडदा बाजूला करून
अंधारात बघत होत्या,
जिथे काही दिसत नव्हतं,
पण ऐकू येत होतं.