पन्नासवर बसलेला काटा

रात्री साडेअकराला पुन्हा तेच.
आलेख पन्नासवर येतो आणि तिथेच बसतो,
जेल रोडच्या सिग्नलला बंद पडलेली रिक्षा बसावी तसा.
मागचे कितीही हॉर्न वाजवोत.

चार कोअर आहेत. चारांचेही पैसे मोजलेत.
दोन राबतात,
दोन नुसती हजेरी लावतात.
यादीत चार कामं, दोनांपुढे ‘चालू’,
दोनांपुढे ‘सुरू होण्यास सज्ज’.
सज्ज म्हणजे काय, ते मला नका सांगू.
एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तेहतीस वर्षं
मी सज्ज असलेली माणसं पाहिली आहेत.

तिथे पन्नास हा देव होता.
फ्रिक्वेन्सी साडेएकोणपन्नासला आली
की फोन, आरडाओरड, कुणाच्या तरी गावचा फीडर बंद.
काटा पन्नासवर थरथरत उभा राहिला
की मग चहा.
म्हणून पहिले आठ दिवस
मला हा बिघाड वाटलाच नाही.

काम तसं कुणाचंच नाही.
कुठल्याशा दुर्बिणीने आभाळाची खरखर ऐकलेली,
तिचे तुकडे करून घरोघर पाठवतात,
आपल्या यंत्राच्या रिकाम्या वेळात चाळून द्यायचे परत.
पगार नाही. ओव्हरटाइम नाही.
नुसते गुण, शाळेतल्यासारखे.

कॅबिनेट उघडलं. रंगाच्या ब्रशने पंखा झाडला.
धूळ बोटावर घेऊन सवयीने चोळून पाहिली :
राख नव्हती.
तापमान एकसष्ट. बॉयलरच्या माणसाला
एकसष्ट म्हणजे अंघोळीचं पाणी.
अँटिव्हायरस एक रात्र बंद ठेवला. पन्नास.
मेमरी पुरतेय का पाहिलं. पुरून उरत होती. पन्नास.

एम. जी. रोडवरचा तौसीफ म्हणाला,
काका, मदरबोर्ड जुना झालाय,
आणि हे फुकटचं चालवता कशाला, लाइटबिल किती येतं?
मी म्हटलं, लाइट मीच बनवायचो.
तो हसला. पेस्टची ट्यूब दिली, पैसे घेतले नाहीत.
पेस्ट लावली.
पन्नास.

प्रकल्पाच्या खात्यावर तर स्पष्ट शंभर लिहिलेलं.
तीन वेळा वाचलं, चष्मा पुसून चौथ्यांदा.

हेमलता प्रेसमधून निवृत्त झाली तेव्हा
तिकिटांचे कागद मोजून तिची बोटं गुळगुळीत झाली होती.
मोजताना तिला कधी अर्धा कागद सापडला नाही,
म्हणून अर्ध्यावर तिचा विश्वासच नाही.
दारात उभी राहून म्हणाली,
‘मे महिन्यात तुम्हीच काहीतरी अर्धं केलं होतंत.
खोलीची भट्टी झाली होती.
म्हणालात, लोडशेडिंग करतो.’

मग आठवलं.
या यंत्रावरचा छोटा चौकोन,
माझ्याच हाताने भरलेला :
प्रोसेसरपैकी जास्तीत जास्त पन्नास टक्के.
खात्यावरच्या शंभराला तो जुमानत नव्हता.
कळव्याहून कितीही हुकूम येऊ देत,
पॅनेलवरचा स्विच ‘लोकल’ला असेल
तर मशीन हुकूम ऐकतच नाही,
हे नव्या पोरांना मीच शिकवायचो,
पट्टी आपटून.

पंचाहत्तर केलं.
तिसरं काम उठलं. पंख्याचा सूर अर्धी पट्टी चढला.
आलेखाने पन्नास सोडलं, तेव्हा खरं सांगतो,
पोटात थोडं हललं.

‘चौथा?’
राखीव, म्हटलं. उद्या एखादं युनिट ट्रिप झालं तर.
ती काही बोलली नाही.
स्टूल ओढून कॅबिनेटच्या मागे बसली,
दोन्ही तळवे झडपेसमोर धरले.
डिसेंबर होता, बाहेर आठ-नऊ अंश असतील,
निफाडकडे द्राक्षवाले शेकोट्या लावत असतील.
‘लावा की चौथाही,’ ती म्हणाली,
‘ऊब येतेय.’