हा नव्हे

भुलीचा मुखवटा लागेपर्यंत
बेंबीच्या देठापासून रडला तो.
मग तिथूनच आत शिरलो आम्ही,
बेंबीतून, तीन मिलिमीटरची दुर्बीण घेऊन.

कागदावर नाव: एनेबिश.
आधीची दोन गेली की ठेवतात असं आमच्याकडे.
अर्थ: 'हा नव्हे.'
न्यायला कोणी आलंच,
तर घरातून उत्तर तयार असावं म्हणून.
मी नियमाप्रमाणे विचारलं, पेशंट कोण?
हा नव्हे, बाप म्हणाला,
आणि सही केली.

बाहेर उलानबातर, उणे एकतीस,
कोळशाच्या धुरात दिवे पिवळट.
इथे वायू भरतो, आणि लोकरीचा तंबू उभारावा
तसं पोटाचं छत हळूहळू वर जातं.
खाली आतडी, ओली, निवांत.
उजव्या जांघेपाशी ते भोक,
जन्माआधी लोटून घ्यायचं राहिलेलं दार.

आणि डावीकडेही.
तिथे फुगवटा नव्हता, तक्रार नव्हती,
आईच्या हातालाही कधी लागलं नव्हतं.
उघडं मात्र होतं.

सुई बाहेरून येते, कातडीतून,
दोरा घेऊन कडेकडेने वळसा घालते.
वाटेत एक पांढरी नळी, शेवईएवढी.
पुढे कधीतरी याची मुलं त्यातून यायची आहेत.
तिच्यावरून सुई नेताना
मी श्वास धरते.
बावीस वर्षं झाली, तरी.

वळसा पुरा. गाठ. कातडीखाली गडप.
मग दुसरी बाजू.

चोइन्खोर बाहेर उभाच होता,
साइनशांदहून रात्रीच्या गाडीने आलेला,
अंगरख्याला मेंढ्यांचा वास, टोपी काखेत.
टाके दाखवायला गेले तर दाखवण्याजोगं काही नव्हतं:
जांघेत दोन टोचे, बेंबीवर चिकटपट्टी.
अंतर्गळ परत येईल का, हे त्याने विचारलं नाही.
अंगठा तर्जनीवर घासत राहिला,
चिमटीत काही निसटतं धरल्यासारखा.

"वसंतात दीडशे कोकरं खच्ची करतो मी, डॉक्टर.
ती पांढरी नळी डोळे मिटून कळते मला.
याची?"

"हात नाही लावला. दोन्हीकडे."

त्याने टोपी घातली.
दवाखाना आहे हे आठवून पुन्हा काढली.

तेवढ्यात आतून रडणं, तेच, देठापासूनचं.
परिचारिका दारात आली, यादीत बघत:
"एनेबिश? कोणाचा?"

"माझा," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून,
खिडकीकडे एकदा बघून,
"हा नव्हे. पण माझा."