दुपदरी सूत

वासवानी शेठनं विचारलं, मिलमधले ना तुम्ही?
म्हणालो, साचाखात्यात जॉबर. एकोणीस वर्षं.
मग हे पेटारे सांभाळा, म्हणाला,
पोरं लुटतायत मला.

पाटणीपुऱ्यात, चक्कीखालच्या तळघरात
सहा व्हिडिओ गेम, सहाही एकदम किंचाळायचे.
साचाखात्यातून आलेल्या कानांना
ती शांतताच.

पहिल्या रविवारी गल्ले उघडले.
सायकलचे वायसर, सोड्याची चेचलेली बुचं,
आणि एक दहा पैसे,
कानशीनं कड घासून गोल केलेले,
इतक्या सफाईनं की त्या पोराला
मी खात्यात लावून घेतलं असतं.
खातं असतं तर.

लोखंडासाठी चुंबक बसवला. वायसर अडकले.
शेठनं पोहे मागवले, वर जिरावण.
मग सरकारचा नवा रुपया आला, स्टीलचा, छोटा,
तोही चुंबकाला चिकटून बसला.
खरा पैसा वाटेत अडकलेला
आणि घासलेले दहा पैसे थेट आत.
चुंबक काढला. वजनाचा पाळणा लावला,
हलकं नाणं आलं की कलंडून बाहेर.

मग कुणी घरून गॅसचा लायटर आणला.
फटीपाशी टक् केलं
की ठिणगीलाच पेटारा रुपया समजायचा.
मागच्या बोळात खड्डा खणला,
मीठ-कोळसा भरून तार पुरली,
रोज एक तांब्या पाणी.
शेठाणी म्हणाली, तुळस तरी लावा भिया,
पाणी फुकट जातंय.

मग पितळी टोकन आलं, त्यावर बदक.
आणि बदकाच्या डोळ्यातून
दोरा.

टोकन सोडायचं, आतली पट्टी दाबली जायची,
ओढून घ्यायचं, परत सोडायचं.
फटीच्या आत दाढीचं अर्धं पातं तिरकं बसवलं.
शिंप्याचा दोरा तुटला. पतंगाचा तुटला.
चार नंबरच्या पेटाऱ्यात मात्र
कुणीतरी एका टोकनावर अख्खी दुपार खेळत होतं.

रात्री पट्टीच्या खिळ्याला बोटभर तुकडा सापडला.
थुंकी लावून चिमटीत फिरवला.
दुपदरी, पीळ उलटा.
किनारीचं सूत.
आमचं.

शेवटच्या पाळीला भोंगा झालाच नाही.
ज्याच्या हाताशी जे होतं ते त्यानं घरी नेलं,
कुणी धोटा, कुणी तेलाचा डबा,
माझ्या शेजारच्या साच्यावरच्या यादव रोडेनं
पिशवीभर कांड्या.
चोरी म्हणायची तर म्हणा.
मिलकडे माझेच तेवीस हजार अडकलेत.

दुपारी दोननंतर शाळेच्या शर्टात आला तो,
यादवचा दिगू.
मी मागे उभा राहिलो, पडद्याकडे न बघता
त्याच्या हाताकडे बघत.
दोन झटके, एक ढील.
तुटलेलं टोक फणीतून ओवताना
बापाचा अंगठा असाच वळायचा.

साच्यावर धागा तुटला की साचा थांबायचा,
आणि तुटलं कुठं ते मी शोधायचो.
इथे शोधत होतो
न तुटणारा.

शेठ म्हणाला, सापडला का कोण ते?
म्हणालो, पातं बोथट झालंय.
तेही खोटं नव्हतं.

त्या रात्री दोन पाती लावली, समोरासमोर, कात्रीसारखी.
घरचंच सूत घालून पाहिलं.
तिसऱ्या खेपेला तुटलं.

दुसऱ्या दिवशी आत खण्ण झालं
आणि दिगूच्या बोटात नुसतं सूत राहिलं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.
सूत बोटाभोवती गुंडाळलं, गाठ न पडू देता,
वरच्या खिशात ठेवलं,
आणि काउंटरवर जाऊन चार चवन्या मोजल्या.

सव्वा मिनिटात हरला.
अगदीच कच्चा होता खेळायला.
इतके दिवस फुकटात
ते त्यालाही कळलं नव्हतं.