कात्रीवाली छाप

निपाणीच्या जुन्या वखारीत आता आमचं दप्तर आहे.
पत्रे बदलले, फरशी बसवली,
तरी एप्रिलच्या उन्हात भिंती अजून जर्दा सोडतात
आणि नवा आलेला माणूस
नाव सांगायच्या आधी दोनदा शिंकतो.

कपाट चौथं : विडीची लेबलं.
ससा छाप, कुलूप छाप, जोड-डमरू,
एका घोरपडीवर दोन सख्ख्या भावांचा सात वर्षं दावा.
खाली बारीक टायपात मराठी, कन्नड, उर्दू,
तिन्ही लिप्यांत एकच धमकी :
नक्कल करणारावर फौजदारी होईल.

आणि ही, कात्रीवाली.
अडतीस सालच्या नोंदीत वर्णन आहे :
'बसलेली स्त्री, वय अंदाजे वीस,
नाकात चमकी, डाव्या हातात कात्री.
सदर चेहरा आमच्या पेढीची मालमत्ता असे.'
पुढच्या प्रत्येक छपाईत ती थोडी गोरी होत गेली.
सातव्या छपाईत कात्रीचं गुलाबाचं फूल झालं.

अकोळहून सत्याप्पा आले, ऐंशी उलटलेले,
पिशवीत पाण्याची बाटली आणि दुपारच्या एसटीची घाई.
"आई गेली तवा मी दोन वर्साचा.
बा कधी विडी वडला न्हाई,
पर दर गुरवारी बाजारातनं एक बंडल आणायचा.
विड्या वाटून टाकायचा. कागद खिशात.
त्यो गेला तवा थोरल्यानं
कापडासंगं कागदबी जाळलं. त्याला काय म्हायीत?
बगा की सायेब, हीच का ती?"

मी फोटो काढला. वखारीसमोर बिडीकामगार बाया, एकतीस.
पाठीमागे शाईनं मालकाचं नाव, मुनीमजीचं नाव,
मालकाच्या कुत्र्याचं नाव : टायगर.
बायांचा नुसता आकडा.
दुसऱ्या रांगेत एकीनं नेमकी मान वळवली,
चेहऱ्याच्या जागी धूर.
मांडीवर सूप, आणि डाव्या हातात
कात्री, पात्यांसकट स्वच्छ.

मला समजावून सांगावं लागलं :
छपाईच्या दगडावर चित्र उलटं काढतात,
चितारी चुकला तर उजव्याचं डावं होतं.
म्हणजे लेबलावर चेहरा आहे, पण हाताची खात्री नाही.
फोटोत हात आहे, चेहरा नाही.
दोन्ही एकीचेच, असं कागद म्हणत नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.
बाटलीतलं पाणी प्यायले. म्हणाले,
"झेरॉक्स मिळंल?"

मिळतं. पानाला दोन रुपये.
फक्त अर्ज भरावा लागतो, आणि अर्जात
एक रकाना आहे, तो काही मी छापलेला नाही :
हक्कधारकाशी नातं.
पेढी अठ्ठ्याहत्तर साली बुडाली.
मालकाचे नातू पुण्यात की कुठंतरी,
पत्रांना उत्तर देत नाहीत.
मी अर्ज तसाच पुढं सरकवला.

सत्याप्पांनी पेन घेतलं, डाव्या हातात.
मी मशीन चालू करायच्या निमित्तानं उठलो.
ते तापायला वेळ घेतं.

परत आलो तर रकान्यात
थरथरत्या कन्नड लिपीत दोनच अक्षरं :
मग.

तिकडच्या भाषेत मुलगा.
मी आधी मराठीत वाचलं.