चौकटी कंस

नेई टिनाई, तुझी चिठ्ठी पोचली.
इथे रात्रीचे साडेतीन वाजलेत,
बाहेर बर्फ, आत घाम.
परवापासून आम्ही सातव्या परिच्छेदात अडकलोय.
कॉफीचं यंत्र बंद पडलं, दुभाषे घरी गेले,
आणि एवढ्या देशांची शहाणी माणसं
एका क्रियापदाभोवती बसून आहेत,
मयताभोवती बसतात तशी,
आधी कुणीतरी उठावं म्हणून वाट बघत.

क्रियापद साधंच आहे: थांबवणे.
एक म्हणतो, थांबवतील.
दुसरा म्हणतो, थांबवावे.
तिसरा चष्मा पुसत सावकाश म्हणतो,
थांबवण्याच्या दिशेने, परिस्थितीनुरूप,
पावले उचलण्याचा विचार करतील.
मी पोरांना व्याकरण शिकवतो, तुला ठाऊक आहे.
आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ.
परीक्षेपुरतेच असतात हे, असं वाटायचं मला.
दोन अर्थांच्या मधल्या फटीत
एवढं पाणी मावतं, कुणी सांगितलं नव्हतं.

ज्या शब्दावर एकमत होत नाही
त्याला इथे चौकटी कंसात घालतात.
शब्द मरत नाही, जगतही नाही.
पुढच्या वर्षी पुन्हा तोच कंस, नवी शाई.
त्यांचं घोंगडं भिजत पडतं
आणि आपल्या चटया भिजतात.

येताना विमान बेटावरून वळलं.
प्रवाळाचे दगड वाहून तू घराच्या दोन्ही अंगांना
रचलेल्या भिंती दिसल्या, टोकांशी आत वळलेल्या.
दोन कंस.
मध्ये पत्र्याचं छप्पर, डुकराचा खुराडा, शिवणयंत्र,
दोरीवर विसरलेला माझा सदरा.
तेव्हा काही वाटलं नाही. आत्ता वाटतंय.

गेल्या फेब्रुवारीत बाबाईच्या खड्ड्यात खारं पाणी शिरलं.
आजोबांनी गोडं पाणी लागेपर्यंत खणलेला खड्डा,
तीन पिढ्यांनी पालापाचोळा घालून पोसलेला.
तू कंद उपटलास. पानं हिरवी,
खाली ओल्या राखेचा गोळा.
बोटाला लागलेलं चाटलंस,
माझ्याकडे बघितलंस
आणि दुपारभर काहीही बोलली नाहीस.
ते न बोलणं मला इथे मांडायचं होतं.
दोन मिनिटं मिळाली. मी आकडे वाचले.

खरं सांगू? मला घाईचा फारसा हक्क नाही.
आपल्या मनेआबातही रात्र रात्र बोलणं चालतं,
ज्याची त्याची जागा, ज्याची त्याची पाळी,
म्हाताऱ्याचा घसा साफ होईपर्यंत सगळे थांबतात.
पण बाहेरून कुणी ओरडलं, होडी सुटली,
तर बुरेईमोआ
अर्धं वाक्य तोंडात तसंच ठेवून
धोतर सावरत पाण्यात धावतो.
वाक्य नंतर पूर्ण करतो. कधी करतही नाही.
इथे होडी सुटल्याचं सगळ्यांनी ऐकलंय.
ओरडण्याचा मसुदा तयार करायला
त्यांनी उपसमिती नेमली आहे.

माझ्या खिशात भरतीचं कोष्टक आहे,
तूच दिलेलं, मागे साबणाचा हिशोब लिहिलेलं.
त्यात एकही कंस नाही.
तीन फेब्रुवारी, संध्याकाळी पाच अठरा.
तिथे क्रियापद एकच, आणि त्यावर कुणाची हरकत नाही:
येईल.

अध्यक्षबाई घड्याळ बघतायत.
आता त्या म्हणतील, उर्वरित चर्चा पुढील अधिवेशनात.
बोलायचं असलं की देशाची पाटी उभी करायची असते.
माझी चार तास उभी आहे.
शेजारचा, बड्या देशाचा, तरुण मुलगा
मघाशी हळूच म्हणाला, आडवी करा आता, दमलात.
मी म्हटलं, माझी मावशी दगड वाहते, ती दमते.
तो कितीतरी वेळ खाली बघत बसला.
मग त्यानेही आपली पाटी उभी केली, का कुणास ठाऊक.
लगेच मागून एक हात आला
आणि त्याची पाटी आडवी झाली.

तू विचारलंस,
भिंत आणखी हातभर चढवू का, की थांबू?
चढव, टिनाई.
पायाशी मोठे दगड घाल, तामुएराच्या पोरांना मदतीला बोलाव.
माझ्यासाठी थांबू नकोस.
मी इथून उठत नाही.