भिंत संपते तिथं

या बेटाला स्वतःचा कठीण दगड नाही.
आहे तो लाल, ओल्या विटेसारखा,
नखानं उकरला तरी सुटणारा.
म्हणून दगड येतो पुलावरून,
मुख्य भूमीवरच्या खाणीतून,
एका ट्रकात पाच, फार तर सहा,
राखाडी, मुके, प्रत्येकी पाच टनांचे.

मी एक्स्कॅव्हेटर चालवतो. चोवीस वर्षं झाली.
पंजात दगड धरायचा, फिरवायचा,
त्याची बसायची बाजू कोणती ते बघायचं,
मग शेजारच्यात अडकवायचा.
डेस्मंड प्रुइट, निवृत्त दंतवैद्य,
काठावर खुर्ची टाकून बसलेला असायचा:
फट नको, बेन्वा,
कीड फटीतूनच सुरू होते.

त्याचंही चुकत नव्हतं.
दर हिवाळ्यात तीन फूट जमीन जात होती.
भाऊबंद बांध कोरतात ना,
दरसाल एक तास आत नांगर घालून,
तसा समुद्र कोरत होता त्याचा बांध,
आणि समुद्रावर दावा लावायचा कुठल्या कोर्टात?

पन्नास मीटर भिंत.
मागच्या कड्यात पाकोळ्यांची बिळं होती, शंभरेक.
पाकोळ्या यायच्या आत काम उरका, असं परवान्यात होतं.
उरकलं.
मे महिन्यात त्या आल्या,
दगडांपुढे भिरभिरत राहिल्या,
कुलूप बदललेल्या दारापुढे
जुनी किल्ली घेऊन उभं राहावं तशा.
मग शेजारी गेल्या.

शेजारी म्हणजे युफीमिया गिलिस.
बटाट्याचं शेत,
कपडे वाळत घालायचे दोन खांब,
नवरा गेल्यापासून तसेच रचून ठेवलेले
शेवंडी पकडायचे सापळे.

भिंत संपते तिथं काय होतं, मला ठाऊक होतं.
लाट दगडावर आपटते, तिला आत शिरू देत नाहीत,
पण रिकाम्या हातानं ती परत जात नाही.
बाजूला सरकते,
शेवटच्या दगडाला वळसा घालते
आणि पलीकडच्या मऊ लालात तोंड घालते.
मला कुणी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
मशीनचे हप्ते चालू होते.

पहिल्या हिवाळ्यात एक खांब गेला.
दोरी उरली, एक टोक बांधलेलं,
दुसरं वाऱ्यावर.
दुसऱ्या हिवाळ्यात सापळे.

तिनं बोलावलं तेव्हा
मी अंदाजपत्रक लिहूनच नेलं.
तिनं ते न वाचता चहाच्या बशीखाली सारलं.
म्हणाली, माझ्यापलीकडे तुझी बहीण राहते ना?
तिलाही तूच भिंत घालशील,
मग तिच्या पलीकडच्यांना.
बेट आहे हे, बेन्वा.
असाच घालत घालत
एक दिवस तू दंतवैद्याच्या दुसऱ्या टोकाला पोचशील.

मी साखर ढवळत बसलो.
मी साखर घेत नाही.

मग तिनं विचारलं, घर ओढता येतं का तुला?

सप्टेंबरात ओढलं. नव्वद फूट मागं.
खाली पोलादी तुळया, तुळयांखाली चाकं,
खिडकीत पडदे तसेच,
आणि ती घरासोबत चालत होती,
एक हात भिंतीवर टेकवून,
म्हातारी गाय बाजारातून परत आणावी तशी.
जुन्या जागी एक चौकोन उरला, गवत नसलेला.
त्यात एक चमचा सापडला.
तो तिनं खिशात टाकला.

प्रुइटची भिंत शाबूत आहे. एक दगड हललेला नाही.
तिच्यापुढची वाळू मात्र गेली.
त्याच्या जिन्याच्या खालच्या चार पायऱ्या
ओहोटीलाही पाण्यात असतात.
हल्ली तो बूट हातात घेऊन
युफीमियाच्या किनाऱ्यावर उतरतो, फिरायला.
ती काही म्हणत नाही.
कड्यातली बिळं वाढलीत, एवढंच तिनं एकदा त्याला दाखवलं.

भिंत दोन फूट उंच करायची का, असं त्यानं परवा मला विचारलं.
मी म्हटलं, बघतो.

सोमवारी बेटाच्या उत्तरेकडे चार ट्रक उतरवायचे आहेत,
कुणा नव्या माणसाच्या काठावर.
पुलापलीकडचा डोंगर
तेवढाच कमी.