वर कळवते

शाळेच्या मैदानात चुन्यानं मोठा एच काढला
तेव्हा चैत संपत आला होता, मोह गळत होता,
आणि जंगलाची वाट तीन दिवस बंद.
"कोणाच्या हुकमानं?" रैजीबाई कुमरेनं विचारलं.
पोलीस पाटील मी. मलाच विचारणार.
म्हटलं, महामहीम येत आहेत.
"मंग मोह थांबते काय बापा त्यायच्यासाठी?"
टोपली पालथी घालून ती तिच्यावरच बसली.

माझ्या नेमणुकीचा कागद घरात काचेत लावलाय,
काच भावानं आरमोरीहून आणली, एसटीत मांडीवर धरून.
प्रांतसाहेबांची सही, गोल शिक्का, पाच वर्षांची मुदत,
मग मर्जी असेल तर पुढं.
सरपंचाला गावानं एकशे बारा मतं दिली.
मला एकही नाही.
बाया हापशीवर बोलत असतात,
मी घागर घेऊन पोचले
की एकदम मिरचीच्या भावावर येतात.

तिकडं राजभवनात त्यांचंही असंच होत असेल?

गुरुजी सांगत होते,
विधानसभेनं केलेला कायदा सही होईस्तोवर कायदा नसतो,
आणि आपल्यासारख्या अनुसूचित गावांपुरती
त्या कायद्याची बाही ते कापू शकतात,
एका अधिसूचनेनं.
"मंग आपल्या मापाचा कुडता
काहून नाही शिवला आतावरी?" मानकू म्हणाला.
गुरुजींनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

हेलिकॉप्टर उतरलं तसा चुना उडाला,
पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या भुवयांपर्यंत पांढऱ्या.
ते उतरले. वय माझ्या बापाएवढं, गुडघा दुखरा,
मुलूख लांबचा.
रैजीबाई गोंडीत बोलली, खूप बोलली,
फुटलेल्या बोडीचं, अडवलेल्या बांबूच्या ट्रकचं,
ग्रामसभेच्या ठरावाचं, त्यावर अंगठा देऊन मेलेल्या नवऱ्याचं.
गुरुजींनी त्याचं मराठी केलं, कलेक्टरसाहेबांनी हिंदी,
आणि त्यांच्या कानाशी पोचलं तेव्हा उरलं होतं
पाणी. बांबू.

शेवटी तिनं विचारलं, तुला कोणी निवडलं?
गुरुजी माझ्याकडं पाहू लागले.
त्याचं मराठी झालं नाही.

ते काहीतरी समजल्यासारखे थांबले मात्र.
तिचा चुनाळ हात हातात घेतला
आणि म्हणाले, मी सरकारला कळवतो.

ते वाक्य मी ओळखलं.
अकरा वर्षं दारोदार तेच वाटतेय मी,
हरवलेल्या बैलाला, दारूच्या भट्टीला,
रानडुकरानं फाडलेल्या मांडीला:
वर कळवते.
वर कोण असतं ते कधी पाहिलं नव्हतं.
आता समोर उभे होते,
आणि पायलटनं हात केला म्हणून
तेही वरच पाहत होते. आभाळ भरत होतं.

महिन्यानं तहसिलीतून कागद आला.
बोडीचा नव्हता.
दौऱ्याच्या मंडप, चुना, खुर्च्या यांच्या खर्चास मंजुरी,
खाली छापलेलं, महाराष्ट्राचे राज्यपाल
यांच्या आदेशानुसार व नावाने,
त्याखाली सही कुण्या कार्यासन अधिकाऱ्याची.

रैजीबाईला वाचून दाखवला.
"त्यायनं सांगतलं काय हे?"
"नाही. नाव फक्त त्यांचं."
"म्हंजे त्यायलेही कोणी इचारत नाही," ती म्हणाली,
आणि अंगणातला उरलासुरला मोह
पायानं उलटापालटा करू लागली.